अँडरसनच्या आगकाड्या

हान्स ख्रिश्चन अँडरसनची आगकाड्या विकणाऱ्या मुलीची गोष्ट ठाऊक नाही असा शिक्षक विरळाच. भाषेच्या तासाला ती वाचली जाते, स्नेहसंमेलनात तिचे नाट्यरूपांतर होते आणि शेवटी मुलगी गारठून मेली असे कळल्यावर वर्गातली दंगेखोर मुलेसुद्धा क्षणभर गप्प होतात. विज्ञानाच्या शिक्षकाने अशा गोष्टीत नाक खुपसावे कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर इतकेच, की या गोष्टीत जी वस्तू पुन्हापुन्हा येते, जिच्यावर सगळी गोष्ट उभी आहे, तिच्याकडे कोणी धड पाहत नाही. ना चित्रकार, ना रूपांतरकार, ना आपण. ती वस्तू म्हणजे काडी.

आमच्या पाहण्यात आलेल्या बहुतेक मराठी रूपांतरांत ही मुलगी आगपेट्या विकते. चित्रातही तिच्या हातात पेटी असते, तीच आपल्या स्वयंपाकघरातली, बाजूला काळपट तपकिरी पट्टी असलेली. मूळ डॅनिश गोष्टीत पेटी नाही. तिच्या जुन्या एप्रनच्या ओच्यात पुष्कळ काड्या आहेत आणि हातात एक जुडी आहे. थंडी असह्य झाल्यावर ती जुडीतली एक काडी उपसते आणि भिंतीवर ओढते. काडी पेटते. पुढची काडीही भिंतीवर, त्यापुढचीही.

आता आपल्या पेटीतील काडी घेऊन शाळेच्या भिंतीवर ओढून पाहा. गुल झिजेल, भिंतीवर रेघ उमटेल, काडी पेटणार नाही. (काचेवर जोरात घासून ती पेटविण्याची करामत काही जणांना साधते, हे आम्हांस ठाऊक आहे, पण गोठलेल्या बोटांच्या लहान मुलीला विटांच्या भिंतीवर ती साधणार नाही.) म्हणजे चित्रकाराने तिच्या हातात जी पेटी दिली, ती दिल्याबरोबर गोष्ट तिथेच थांबते. पहिली काडीच पेटत नाही. मग शेगडी नाही, भाजलेले बदक नाही, नाताळचे झाड नाही आणि आजीही नाही.

ही चूक बारीकशी दिसते. पण तिच्यामुळे जे झाकले जाते ते बारीक नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

अँडरसनच्या गोष्टींत आग तीनदा महत्त्वाची भूमिका घेते. १८३५ साली त्याची बालकथांची पहिली पुस्तिका निघाली, तिच्यातली पहिलीच गोष्ट चकमकीच्या डबीची. लढाईहून परतणाऱ्या शिपायाला ती डबी मिळते आणि एक, दोन, तीन ठिणग्या पाडल्या की मोठमोठ्या डोळ्यांचे कुत्रे हजर होतात. त्या काळी घरोघरी आग अशीच पाडली जाई. आपल्याकडेही खेड्यातल्या म्हाताऱ्यांच्या चंचीत पोलादी चकमक, गारगोटी आणि कापूस असे. जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे. ठिणगी दगडाची असते असे पुष्कळांना वाटते. दगड फक्त पोलादाचा बारीकसा कण खरवडून काढतो. त्या घर्षणाने तापलेला लोखंडाचा कण हवेत जळतो आणि तीच ठिणगी. त्या चिमुकल्या कणाने कापूस नुसता धुमसतो, ज्वाला निघत नाही. धुमसणाऱ्या कापसावरून ज्वाला मिळविण्यासाठी गंधकात टोक बुडविलेली लाकडाची काडी लागे. डॅनिश भाषेत तिला गंधककाडी म्हणत, आणि पुढे घासून पेटणाऱ्या काड्या आल्या तेव्हा त्यांनाही तेच नाव चिकटले. आपल्या गोष्टीच्या मूळ शीर्षकातही शब्द आहे तो गंधककाड्यांचाच.

दुसरी गोष्ट १८३९ ची, उडत्या पेटाऱ्याची. तिच्यात स्वयंपाकघरातल्या काड्यांची एक जुडी आपल्या घराण्याची बढाई मारते. आपण रानातल्या एका उंच, जुन्या पाइन वृक्षाचे वंशज आहोत, त्याचा बुंधा जहाजाची डोलकाठी झाला आणि आपल्या नशिबी मात्र सामान्य लोकांसाठी उजेड पाडणे आले, असे त्या काड्या सांगतात. शेजारी चकमकीची डबी पडलेली आहे. या काड्या डबीच्या कापसावर टेकवून पेटवायच्या की स्वतः घासून पेटणाऱ्या, हे अँडरसन स्पष्ट करीत नाही. १८३९ हे संक्रमणाचे साल होते. एकाच स्वयंपाकघरात दोन्ही साधने असणे अगदी शक्य आहे. आम्हांस या गोष्टीतले सर्वांत मार्मिक वाटले ते हे, की काड्या वंशावळ सांगतात ती लाकडाची. टोकावर काय आहे आणि ते कोठून आले, याबद्दल त्यांच्या तोंडून अवाक्षर निघत नाही.

(याच गोष्टीचा नायक राजकन्येशी लग्न ठरल्याच्या आनंदात बाण आणि फटाके विकत घेऊन आकाशातून उडवितो, आणि राहून गेलेल्या एका ठिणगीने त्याचा उडता पेटारा जळून राख होतो. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात वर्गात वाचायला ही गोष्ट आगपेटीवालीपेक्षा बरी.)

तिसरी गोष्ट आपली. १८४५ च्या नोव्हेंबरात अँडरसन दक्षिण जटलंडमधील ग्रोस्टेन येथे मुक्कामाला होता. एका पंचांगवजा वार्षिकाच्या प्रकाशकाने त्याला तीन चित्रे पाठवून त्यांपैकी एकावर गोष्ट लिहिण्याची विनंती केली. त्याने निवडले ते लुंडबी या चित्रकाराने काढलेले काड्या विकणाऱ्या गरीब मुलीचे चित्र. डिसेंबरात गोष्ट छापली गेली. या वेळी मात्र संदिग्धता नाही. चकमक गेली, कापूस गेला. काडी भिंतीवर ओढली जाते, तिचा आवाजसुद्धा गोष्टीत उमटला आहे.

मग त्या काडीच्या टोकाला काय होते?

घासून पेटणारी पहिली काडी इंग्लंडमधील स्टॉक्टन-ऑन-टीज येथील औषधविक्रेता जॉन वॉकर याची. त्याच्या वहीत पहिल्या विक्रीची नोंद ७ एप्रिल १८२७ ची आहे. तिच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड असे, डिंकाने बांधलेले. क्लोरेट हा ऑक्सिजनचा साठा; सल्फाइड हे इंधन. पण हे मिश्रण सहजी पेटत नसे. काचकागदाची घडी करून, तिच्या बेचक्यात गुल दाबून झटक्याने ओढावा लागे, आणि कित्येकदा गुल तुटून जळत जळत गालिच्यावर पडे. ही काडी रस्त्यातल्या भिंतीवर पेटण्यासारखी नव्हती. वॉकरने पेटंट घेतले नाही. लंडनमधील सॅम्युअल जोन्स याने तिची नक्कल करून ल्युसिफर या नावाने ती खपविली.

भिंतीवर पेटण्यास आणखी चटकन पेटणारे काही हवे होते. १८३१ च्या सुमारास फ्रान्समध्ये शार्ल सोरिआ याने अँटिमनी सल्फाइडच्या जागी पांढरा फॉस्फरस घातला. १८३६ साली यानोश इरिन्यी या हंगेरियन विद्यार्थ्याने क्लोरेट काढून लेड डायऑक्साइड घातले आणि काडीचा तडतडाट बंद केला. दहा वर्षांच्या आत फॉस्फरसच्या काड्या युरोपभर पसरल्या. तेव्हा १८४५ साली भिंतीवर हलकेच ओढताच पेटणारी काडी म्हणजे पांढऱ्या फॉस्फरसची काडी, असे अनुमान करण्यास काहीच हरकत दिसत नाही.

पांढरा फॉस्फरस म्हणजे काय हे वरच्या वर्गातील मुलांना सांगताना सूत्रावर न थांबता आकारापर्यंत जावे. चार अणू एका चतुष्फलकाच्या चार टोकांवर. प्रत्येक बंधकोन ६० अंशांचा, म्हणजे अणूंना नैसर्गिकपणे हवा त्याहून पुष्कळ आवळलेला. अशा ताणलेल्या रेणूचे बंध सहज तुटतात. म्हणून हवेत तो ३० ते ३५ अंश सेल्सिअसलाच पेट घेतो. पुण्याच्या मे महिन्यातील दुपार त्याला पुरते. तो पाण्याखाली ठेवतात ते यासाठीच. याउलट लाल फॉस्फरसमध्ये हे चतुष्फलक उघडून एकमेकांत गुंफलेले असतात. त्याला पेटण्यास सुमारे २५० अंश लागतात, आणि तो पांढऱ्याइतका विषारी नाही. मूलद्रव्य तेच, मांडणी वेगळी, आणि स्वभावात इतके अंतर! अपरूपता शिकविण्यासाठी हिरा आणि ग्रॅफाइट यांचे उदाहरण आपण नेहमी देतो. पण त्या उदाहरणावर कोणाचे प्राण अवलंबून नव्हते. इथे होते.

कारण पांढरा फॉस्फरस नुसता चटकन पेटत नाही, त्याची वाफही होते. कारखान्यात काड्यांची टोके लगद्यात बुडविणारे कामगार ती वाफ दिवसभर हुंगत. किडलेल्या दाताच्या वाटेने ती जबड्यात शिरे. काही वर्षांनी दातदुखी, मग सूज, मग पू, आणि शेवटी जबड्याचे हाडच सडून त्याचे तुकडे बाहेर पडत. व्हिएन्नामधील डॉक्टर लोरिन्झर याने या रोगाचे पहिले व्यवस्थित वर्णन प्रसिद्ध केले. साल १८४५.

त्याच व्हिएन्नात आंटोन श्र्योटर याने पांढरा फॉस्फरस हवेविना तापवून लाल फॉस्फरस तयार होतो हे दाखविले. त्या शोधाचे सालही १८४५ दिले जाते. आणि एकच वर्ष आधी, १८४४ मध्ये, स्वीडनच्या गुस्ताफ एरिक पाश याने फॉस्फरस काडीवरून काढून घासण्याच्या पृष्ठभागावर ठेवण्याचे पेटंट घेतले होते. रोग, त्यावरचा उपाय आणि गोष्ट, तिन्ही जवळजवळ एका वेळी. अँडरसनला पहिल्या दोहोंची खबर असण्याचे कारण नाही आणि त्याबद्दल त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. पण ही गोष्ट आज शिकविणाऱ्याला खबर आहे. त्या मुलीच्या ओच्यातल्या काड्या कोणी तरी, बहुधा तिच्याइतक्याच गरीब माणसांनी, बुडविल्या होत्या. गोष्टीत पाहा: बाप मारतो म्हणून ती घरी जात नाही, रस्त्यावरचे लोक विकत घेत नाहीत. काडी विकली न जाण्याचे दुःख गोष्टीत आहे. काडी तयार होण्याचे नाही. उडत्या पेटाऱ्यातल्या काड्या गुलाबद्दल गप्प होत्या आणि या मुलीच्या काड्याही गप्पच आहेत. गोष्टीची आमच्या मते ही खरी मर्यादा आहे. करुणा आहे, पण ती फक्त विकणाऱ्या हातापर्यंत पोहोचते.

उपाय सापडूनही तो लागू व्हायला किती वेळ लागला, हे शिक्षकांनी फळ्यावर सालांची रेघ काढून दाखवावे. इंग्लंडमध्ये आर्थर ऑल्ब्राइट याने १८५१ पर्यंत लाल फॉस्फरस कारखान्यात काढण्यास सुरुवात केली. स्वीडनमधील यन्शपिंग येथील लुंडस्ट्रोम बंधूंनी १८५० नंतरच्या चार-पाच वर्षांत निर्धोक काडी बाजारात आणली. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात तिला पदक मिळाले. तरीही पांढऱ्या फॉस्फरसची काडी स्वस्त, कोठेही पेटणारी आणि खपणारी, म्हणून ती चालूच राहिली. १८८८ च्या जूनमध्ये ॲनी बेझंट यांनी लंडनमधील ब्रायंट अँड मे कारखान्यातील मुलींच्या स्थितीवर लेख लिहिला आणि जुलैत सुमारे १४०० बायका व मुली संपावर गेल्या. त्या कारखान्याने पांढरा फॉस्फरस सोडला तो १९०१ साली. फिनलंडने त्यावर १८७२ मध्ये बंदी घातली होती आणि खुद्द डेन्मार्कने १८७४ मध्ये. तेव्हा अँडरसन हयात होता. तो वारला १८७५ च्या ऑगस्टात. पुढे १९०६ मध्ये बर्न येथे आंतरराष्ट्रीय करार झाला आणि हिंदुस्थानात १९१३ साली पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांना मनाई करणारा कायदा आला. कोठेही पेटणाऱ्या काडीची हौस मात्र लोकांची सुटली नाही. तिच्यासाठी १८९८ साली सेव्हेन आणि काआँ या दोघा फ्रेंच रसायनज्ञांनी फॉस्फरसचे एक सल्फाइड वापरण्याची युक्ती काढली. ते विषारी नाही आणि भिंतीवरही पेटते. कौबॉयच्या चित्रपटांत बुटाच्या टाचेवर पेटते ती बहुधा अशी काडी.

आपल्या पेटीत या साऱ्यातून उरलेली शहाणी मांडणी आहे. गुलात पोटॅशियम क्लोरेट, गंधक, काचेची पूड आणि सरस. बाजूच्या पट्टीत लाल फॉस्फरस, काचेची पूड, सरस. भांडखोर शेजाऱ्यांना दोन घरांत ठेवावे तसा ऑक्सिजन देणारा काडीवर आणि चटकन पेटणारा पेटीवर. घासताना पट्टीवरचा किंचित फॉस्फरस क्लोरेटला भेटतो, तेथे पहिली ठिणगी होते, मग गंधक, मग मेण, मग लाकूड.

याबाबत दोन गोष्टींवर आमची तक्रार आहे. एक, गुलातच फॉस्फरस असतो असे अजूनही वर्गात सांगितले जाते. ते निर्धोक काडीपुरते सरळ चूक आहे. दुसरे, घासताना लाल फॉस्फरसचे आधी पांढऱ्यात रूपांतर होते आणि मग तो पेटतो, असे अनेक पुस्तके सांगतात. ही मधली पायरी घालण्याची गरज आम्हांस दिसत नाही. लाल फॉस्फरस आणि क्लोरेट कोरडे एकत्र आले की जरा घासले तरी भडकतात, हे पुरते प्रसिद्ध आहे. टिकल्यांच्या पिस्तुलाचा आवाज हा त्याच जोडीचा प्रताप. आणि म्हणूनच मुलांना एक गोष्ट निक्षून सांगावी: गुल खरवडून गोळा करणे, ते कशात भरणे, पट्टीची पूड त्यात मिसळणे हा प्रयोग नव्हे. पेटी बनविणाऱ्याने अनेक वर्षांच्या अनुभवानंतर जे दोन घरांत ठेवले, ते हा खेळ एका घरात आणतो. आपल्या सरकारने १९९२ मध्ये गंधक आणि क्लोरेट यांच्या मिश्रणावर बंदी घातली, तेव्हा काडीच्या गुलाला सवलत दिली होती. ती गुल काडीच्या टोकावर, तेवढाच, असतो म्हणून.

आता त्या मुलीकडे परत. काडीची ऊब तिला किती मिळाली असेल? हे गणित नववी-दहावीच्या वर्गात करण्यासारखे आहे. आपल्या पेटीतील काडीचे वजन सुमारे एक दशांश ग्रॅम. कोरडे लाकूड जळताना दर ग्रॅमला सुमारे १६ किलोज्यूल उष्णता देते. म्हणजे एका काडीचे १६०० ज्यूल. त्या काळच्या काड्या जाड होत्या असे धरून दुप्पट करा हवे तर. आठ वर्षांच्या मुलीचे शरीर स्वस्थ बसलेले असतानाही सेकंदाला सुमारे ५० ज्यूल उष्णता निर्माण करते. १६०० भागिले ५०: उत्तर ३२ सेकंद. म्हणजे काडीची सगळीच्या सगळी उष्णता तिच्या अंगात गेली असती, तरी ती तिच्या शरीराच्या स्वतःच्या अर्ध्या मिनिटाच्या कमाईइतकी. तिच्या आतच दर अर्ध्या मिनिटाला एक काडी जळत होती, आणि तिचे इंधन होते सकाळपासून न मिळालेले अन्न. काडीची उष्णता तर बहुतेक सारी गरम हवेबरोबर वर जाते. शेवटी ती उरलेली जुडी एकदम पेटविते ते आजीला थांबविण्यासाठी. उष्णतेच्या हिशेबात तेही तिला वाचवू शकले नसते. भाकरीने वाचविले असते.

हा हिशेब मुलांना पटवायचा तर परीक्षानळीत १० मिलिलिटर पाणी घ्या, तापमान मोजा, खाली एक काडी जळू द्या आणि पुन्हा मोजा. सगळी उष्णता पाण्याला मिळाली तर तापमान जवळजवळ ३८ अंशांनी वाढायला हवे. प्रत्यक्षात किती वाढते ते प्रत्येक गटाने लिहावे आणि उरलेली कोठे गेली यावर भांडावे. (पावसाळ्यात हा प्रयोग ठेवू नका, पेट्या सादळलेल्या असतात. बर्फ पडत असताना ओच्यात उघड्या धरलेल्या सरसाच्या काड्यांपैकी गोष्टीत एकही फुसकी निघत नाही, एवढे अँडरसनला माफ.)

भाषेच्या शिक्षकांनी आमच्यावर रागावू नये. बोधकथा करून ही गोष्ट सांगण्यापेक्षा, आजी देवाघरी घेऊन गेली म्हणून सारे गोड झाले असे समाधान देण्यापेक्षा, काडी हातात घेऊन वाचल्याने ती अधिक कठोर होते आणि आमच्या मते अधिक चांगली. आपल्याकडे तर तिचा दुसरा अर्धा भाग अगदी जवळचा आहे. शिवकाशीला काडीचा धंदा १९२० च्या दशकात सुरू झाला, त्याच दशकात आपल्या अंबरनाथला विमकोचा कारखाना आला. शिवकाशीच्या आगकाडी व फटाक्यांच्या उद्योगातील मुलांचा प्रश्न एम. सी. मेहता यांनी सर्वोच्च न्यायालयात नेला आणि १० डिसेंबर १९९६ रोजी धोक्याच्या धंद्यांतून मुलांना बाहेर काढण्याबाबतचा निकाल लागला. अँडरसनच्या गोष्टीनंतर एकशे एकावन्न वर्षांनी.

रूपांतरकारांना आमची मागणी अगदी माफक आहे. पेटी काढून टाकावी आणि जुडी परत आणावी. काडी भिंतीवरच ओढू द्यावी. आणि शीर्षकात जमल्यास गंधककाडी हा शब्द घालून पाहावा. मुले त्याचा अर्थ विचारतील, आणि भाषेच्या शिक्षकांनी तो विज्ञानाच्या शिक्षकांकडे पाठवावा.